पळसाचा रंग

पळसाची फुलं बांधावरून वेचून आणली की आधी प्रत्येक फुलाच्या बुडाची काळपट, मखमली वाटी खुडून टाकायची. मेळघाटातल्या सेमाडोहला होळीचा रंग करणाऱ्या कोरकू बायांचा निम्मा वेळ यातच जातो. मी घाईत दोन-चार तशीच टाकली, तर शेजारच्या मावशीनं ती पातेल्यातून वेचून काढली. "वाटी राहिली त रंग मयका होते, ताई."

पाकळ्या पाण्यात मंद आचेवर शिजतात. जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळलेलं पाणी पिवळसर, जरा निराश करणारं. झाडावरचा तो भगवा कुठे गेला? मग मावशी चुन्याची वाटी पुढे ओढते. खायचाच चुना, रात्री पाण्यात कालवून ठेवलेला. खालचा गाळ न हलवता वरची निवळी बोटानं थेंब थेंब सोडायची. थेंब पडला तिथून नारिंगी धागा खाली उतरतो, पसरतो, आणि ढवळलं की सगळं पातेलं रंग बदलतं.

फुलात ब्युट्रिन नावाचं द्रव्य असतं, जवळपास रंगहीन. त्याच्या रेणूतलं एक बंद कडं चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात उघडतं आणि त्याचं नारिंगी आयसोब्युट्रिन होतं. दोन्हींना ग्लुकोज जोडलेलं, म्हणून साधं पाणी पुरतं.

पळसाच्याच ब्युटेइन या रंगद्रव्यानं प्रयोगशाळेत दाहशामक गुण दाखवलेत. पण तेवढ्यावरून बादलीभर रंगाला औषध म्हणणं मला पटत नाही. अंगाला त्रास न देणारा रंग एवढं पुरे, आणि तेही चुना बेतानं पडला तरच. जास्त झाला तर कातडी चुरचुरते.

कोरडा रंग हवा असेल तर या पाण्यात आरारूट मळून सावलीत वाळवायचं, मग वस्त्रगाळ करायचं. ओला रंग लगेच वापरायचा, ठेवला की आंबतो. कपड्यावर टिकवायला तुरटी लागते, पण ती इथे कुणी घालत नाही. होळीनंतर मेळघाटात रस्ता अडवून फगवा म्हणजे होळीचे पैसे मागणाऱ्या पोरांच्या सदऱ्यांवर तो रंग टिकावा, असं त्यांच्या आयांना मुळीच वाटत नाही.