किरणोपचार सुरू असताना तोंडाची आणि घशाची काळजी

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात तो, सांगितला की सिल्वासातली अनेक कुटुंबं वापीला गाडी पकडून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. हे रुग्णालय १९४१ पासून सुरू आहे. उपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. रोज जाऊन-येऊन ते जमत नाही. मग कुणी नातेवाइकांकडे राहतं, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. सोबत राहायची जबाबदारी बहुधा घरातल्या तरुण मुलामुलींवर येते. हा लेख त्यांच्यासाठी.

त्रास का होतो?

किरणं गाठीतल्या पेशी मारतात, पण तोंडाच्या आतलं नाजूक अस्तरही सोलवटतं. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळताना घसा दुखतो, लाळ घट्ट होते, चव जाते. इथेच रुग्ण म्हणतो, “आता पुरे, घरी चला.” पण मध्येच खंड पडला तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. वजन फार उतरलं तर चेहऱ्याचा साचा सैल होतो आणि कधी कधी तो नव्याने करावा लागतो. म्हणून तोंड सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

सुरू होण्याआधी

दात तपासून घ्या. किडलेले दात काढायचे असतील तर ते आधीच काढतात, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. किरणोपचारानंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनीही दात काढण्यापूर्वी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावं.

रोजची काळजी

एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या कराव्यात. पाणी गिळू नये. ब्रश अगदी मऊ असावा. बाजारातलं झोंबणारं, अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. जेवणाआधी लावायचं बधिरतेचं औषध आणि वेदनाशामक डॉक्टरांकडून मागून घ्या. दुखणं सहन करण्यात शहाणपण नाही. तंबाखू, मशेरी, विडी, दारू पूर्ण बंद. सोडणं जड जात असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

काय खायला द्यावं?

तिखट, आंबट, कडक आणि गरमागरम पदार्थ बाजूला ठेवा. मऊ भात-मुगाचं वरण आणि वर तूप, दुधातली नागलीची पेज, रव्याची पातळ खीर, मऊ शिजवलेलं अंडं, मिक्सरमधून काढलेली दुधीची भाजी, हे कोमट किंवा गार करून द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी दोन-दोन तासांनी थोडं थोडं. चव लागत नसेल तर “खा ना” म्हणून मागे लागू नका. पेला हातात द्या आणि शेजारी बसा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. गिळणं अशक्य झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालतात. घरचे घाबरतात, पण ती बहुधा काही आठवड्यांपुरतीच असते. नळी असली तरी गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम सोडू नयेत, नाहीतर जबडा आखडतो.

ताबडतोब कळवा

ताप, तोंडात पांढरे चट्टे, रक्त, पाणीही न उतरणं, खाताना ठसका किंवा श्वासाला त्रास झाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

शेवटचा शेक झाल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढू शकतो. मग जखमा काही आठवड्यांत भरतात, चव काही महिन्यांत हळूहळू परतते. कोरडेपणा मात्र बराच काळ राहतो. तेव्हा घरी परतल्यावरही पाण्याची बाटली जवळ, दातांची तपासणी वेळच्या वेळी, आणि ताटात रुग्णापुरतं वेगळं, मऊ वाढलेलं असू द्या.