वीस पोरांच्या शाळेला कुलूप कोणत्या कायद्याने?

पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसर मागे टाकले की मांजरी, शेवाळेवाडी, लोणी काळभोर ही गावे लागतात. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडीसह २३ गावे पुणे महापालिकेत गेली. लोणी काळभोर त्या यादीत नव्हते. तिथली सरकारी शाळा हवेली पंचायत समितीच्या देखरेखीखाली, जिल्हा परिषदेकडेच राहिली. याच गावात आज खासगी विद्यापीठ उभे आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला शिक्षण दारात मिळते. ज्याच्याकडे नाही, त्याला फक्त जिल्हा परिषदेची शाळा आहे.

मोठ्या गावातल्या शाळेला पटाची धास्ती कमी. खरा धोका वस्त्यांवरच्या, वाड्यांवरच्या शाळांना आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण खात्याने पत्र काढले : कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ दाखवले गेले. त्यावेळी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार! ही मुले कुणाची? ऊसतोड मजुराची, वीटभट्टीवाल्याची, भूमिहीन दलिताची, आदिवासीची. बंगलेवाल्यांची नक्कीच नाहीत.

'चांगली इमारत देऊ, बस देऊ', असे सांगतात. बस बंद पडली की काय? सात वर्षांची पोर तीन मैल चालत जाईल? पहिल्यांदा घरी बसेल ती मुलगी. मग धाकट्या भावंडाला सांभाळेल. मग तिचे लग्न लागेल. शाळा गेली म्हणजे हे सगळे आलेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६ प्रमाणे परिसरात शाळा देणे हे सरकार व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर ठरले आहे. नियमात वीस मुलांची अट आहे, पण ती शाळा सुरू करण्यासाठी! सुरू असलेली शाळा मोडायला तीच अट वापरणे म्हणजे कायदा उलटा वाचणे होय.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांचा, शिक्षण मात्र वरच्यांचे. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावरून सरकारला जाब विचारला. आज खर्चाचे तेच गणित पुन्हा गरिबाच्याच माथी मारले जात आहे.

मार्च २०२२ नंतर काही वर्षे पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक होता, तेव्हा पालकाने जाब विचारायला निवडून दिलेला सदस्यच नव्हता. पण शाळा व्यवस्थापन समिती आहे. कलम २१ नुसार तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा हवी. बांधवांनो, भगिनींनो, ती जागा सोडू नका. समितीत बसा, इतिवृत्त वाचल्याशिवाय अंगठा लावू नका. आणि शाळा बंद करायला कुणी आलाच, तर त्याच्याकडून आदेश लेखी मागा. कागद हातात आला की पुढचे कोर्टात पाहू!