मराठी वाचणाऱ्या मेंदूचा अभ्यास कोणी करावयाचा?

'दिवा' हा शब्द लिहिताना वेलांटी 'द'च्या अगोदर येते. उच्चारताना मात्र 'द' प्रथम आणि 'इ' नंतर. डोळ्यांनी टिपलेला क्रम मेंदूला उलटवून घ्यावा लागतो. आपणा प्रौढांना त्याचे भानही उरत नाही; परंतु दुसरी-तिसरीतील एखादे मूल अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळते आणि त्याला 'ढ' ठरवून आपण मोकळे होतो.

वाचन, स्मरण, आकलन या क्रिया मेंदूत कशा घडतात याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे बोधात्मक मेंदूविज्ञान. त्यातील पुष्कळसे सिद्धान्त रोमन लिपी वाचणाऱ्यांवरून बांधले गेले आहेत. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संशोधकांनी देवनागरी वाचणाऱ्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या वाचनात डाव्या गोलार्धाबरोबर उजव्याचाही सहभाग आढळला. वाचनअक्षमता ओळखण्याची मराठी चाचणीही याच केंद्राने, हिंदी, कन्नड व इंग्रजीसह, 2015 मध्ये सिद्ध केली. त्याबद्दल त्या केंद्राचे आभार मानावेत. पण अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय 1996 मध्येच घेणाऱ्या महाराष्ट्राने त्यासाठी मानेसरकडे पाहत बसावे, हे भूषणावह खचितच नाही.

नाशिकचे उदाहरण घ्या. वैद्यकीय शिक्षणासाठी संपूर्ण राज्याचे असे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून येथे आहे. मानसशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आहेत, ती पुणे विद्यापीठाशी संलग्न. मुलांचे दोष ओळखणारे डॉक्टर एका विद्यापीठाच्या कक्षेत आणि भाषा व मन यांचा अभ्यास करणारे दुसऱ्या. हा विषय मात्र नेमका या दोहोंच्या सीमेवरचा! सीमेवरच्या शेतास पाणी कोणी सोडावयाचे, हा तंटा आपल्याकडे नवा नाही.

विद्यावेतनाचीही तीच गत. मानसशास्त्राचा वा भाषाशास्त्राचा विद्यार्थी यूजीसीच्या 'नेट'ला बसतो, जीवशास्त्राचा सीएसआयआरच्या. तेथे यशस्वी झालेल्या मोजक्यांना जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजार व पुढे 42 हजार रुपये असा दर आहे. जे तेथे बसत नाहीत त्यांच्यासाठी केंद्रीय विद्यापीठांत निदान 8 हजारांची सोय आहे. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना तीही नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती हा अनेक ग्रामीण घरांतील पहिल्या संशोधकाचा आधार. पण तिच्यासाठीही विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत तर, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनीच केला.

प्रश्न उर्मट असला तरी त्याचा एक भाग खरा आहे, आणि तो सभागृहापेक्षा घराघरांत अधिक विचारला जातो. पाच वर्षे घालवून पुढे काय? महाविद्यालयातील जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबविणाऱ्या व्यवस्थेकडे त्याचे उत्तर नाही. या विषयापुरते ते देता येण्यासारखे मात्र आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. मुलांची तपासणी करणारे, अहिराणी बोलणाऱ्या मुलाची अडचण आणि खरी अक्षमता यांतील फरक ओळखणारे तज्ज्ञ प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लागणार आहेत. ते परदेशातून येणार नाहीत. मराठी वेलांटीची चिंता केंब्रिजने का वाहावी?

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने समारंभ झाले, ते व्हावेतही. नाशिकचे आरोग्य विद्यापीठ व पुणे विद्यापीठ यांनी मिळून या विषयाचे दहा संशोधक घ्यावेत आणि शासनाने त्यांना नेटच्याच दराने, दर महिन्यास, विनाअडथळा वेतन द्यावे. पहिल्या वर्षाचा खर्च 44 लाख 40 हजार रुपये होतो. तो कोणत्या खात्यातून करावयाचा, आरोग्य, शिक्षण की मराठी भाषा, हे मंत्रालयाने एका बैठकीत ठरवावे.