लिनक्स प्रणालीवर ‘फ्लुएंट बिट’ची स्थापना : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवहीला जे स्थान असते, तेच स्थान सर्व्हरमध्ये ‘लॉग’ला असते. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणता प्रयत्न फसला, कोणती सेवा बंद पडली, याची नोंद संगणक स्वतःच करीत असतो. मात्र या नोंदी चिरकाल टिकत नाहीत. उबंटूच्या सर्वसाधारण मांडणीत ‘लॉगरोटेट’ हे साधन दर आठवड्याला नवी फाइल सुरू करते व मागील चारच फाइली राखते. याउलट ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा केंद्रे, निगमित संस्था व शासकीय संस्था यांना लॉग १८० दिवस जतन करण्यास सांगितले आहे. शिवाय सर्व्हरमध्ये शिरकाव करणारी व्यक्ती तेथील नोंदी पुसू शकते. म्हणून त्यांची प्रत वेळीच अन्यत्र पाठविणे आवश्यक ठरते.

साधनाचा परिचय :
‘फ्लुएंटडी’ हे लॉग-संकलनाचे साधन २०११ मध्ये ट्रेझर डेटा या कंपनीत आकारास आले. त्याचा बराचसा भाग रूबी भाषेत आहे. अल्प क्षमतेच्या यंत्रांसाठी २०१४ मध्ये एदुआर्दो सिल्वा यांनी ‘फ्लुएंट बिट’ सुरू केले. ते सी भाषेत लिहिलेले असल्याने त्यास मेमरी फार कमी लागते. ते मुक्तस्रोत असून अपाची परवान्याखाली उपलब्ध आहे. नोंद वाचणे, तिचे घटक वेगळे करणे, अनावश्यक भाग गाळणे, तात्पुरती साठवण आणि इष्ट स्थळी रवानगी, असे त्याच्या कार्याचे टप्पे होत.

स्थापनेची प्रक्रिया :
डेबियन व उबंटू प्रणालींत प्रथम प्रकल्पाची सार्वजनिक किल्ली प्रणालीत ठेवावी लागते. पॅकेजच्या यादीवरील स्वाक्षरी या किल्लीने तपासली जाते; म्हणून ही पायरी केवळ औपचारिक मानू नये. त्यानंतर अधिकृत भांडाराचा पत्ता ‘एपीटी’च्या स्रोतयादीत नोंदवून यादी अद्ययावत करावी व पॅकेज स्थापित करावे. शेवटी ‘सिस्टमडी’द्वारे सेवा सुरू करावी. यंत्र पुन्हा चालू झाल्यावर सेवा आपोआप सुरू व्हावी, यासाठी ती स्वतंत्रपणे सक्षम करावी लागते.

स्थापनेनंतरची दक्षता :
येथेच बहुधा गैरसमज होतो. सेवा ‘सक्रिय’ दिसली म्हणजे लॉग गोळा होत आहे, असे नव्हे. पॅकेजसोबत येणारी नमुना मांडणी केवळ प्रोसेसरचा वापर मोजते. त्यामुळे पुढील बदल आवश्यक ठरतात :
१) ‘टेल’ या इनपुटमध्ये आवश्यक त्या लॉग-फाइलचा मार्ग द्यावा.
२) वाचन कोठवर झाले याची खूण ठेवणारी डेटाबेस-फाइल नेमावी. ती नसल्यास सेवा बंद असताना लिहिल्या गेलेल्या नोंदी सुटून जाऊ शकतात.
३) तात्पुरती साठवण मेमरीऐवजी डिस्कवर करावी, म्हणजे संपर्क तुटल्यास अथवा सेवा बंद पडल्यास नोंदी गमावण्याचा धोका घटतो.
४) आउटपुटमध्ये दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता द्यावा व ‘टीएलएस’ कूटबद्धीकरण वापरावे.

मांडणी बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी आणि प्रवेशाच्या वेळी मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्यावा. ती फसलेली नोंद दुसऱ्या सर्व्हरवर दिसली, तरच स्थापना पूर्ण झाली असे मानावे.

समारोप :
फ्लुएंट बिट नोंदी वाहून नेते. त्या १८० दिवस सांभाळण्याची जबाबदारी मात्र त्या स्वीकारणाऱ्या सर्व्हरची व त्याच्या व्यवस्थापकाची असते. पॅकेज स्थापित करण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु गरजेच्या दिवशी पुरावा हाती लागेल की नाही, हे नंतरच्या मांडणीवर व पडताळणीवर अवलंबून असते. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या महाविद्यालयांनी ही पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करणे इष्ट होय.