कर्करोग, आनुवंशिक : कौटुंबिक इतिवृत्तावरून धोक्याचे मूल्यमापन

जन्मतःच मिळालेल्या सदोष जनुकामुळे (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकामुळे) एखाद्या व्यक्तीस कर्करोग होण्याचा संभव किती आहे, हे तिच्या रक्ताच्या नातेवाइकांच्या आजारांवरून अजमावण्याच्या पद्धतीस हे नाव देतात. सर्व कर्करोगांपैकी सु. ५ ते १० टक्केच अशा एखाद्या प्रबळ जनुकीय दोषाने उद्भवतात. बाकीच्यांत वय, तंबाखू, जंतुसंसर्ग इ. कारणांचा वाटा मोठा असतो. तथापि या थोड्या कुटुंबांत रोग तरुणपणी येतो व एकाच घरातील अनेकांस ग्रासतो.

फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील स्तन कर्करोगाची वंशावळ प्रसिद्ध केली. अमेरिकेतील विकृतिवैज्ञानिक ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या कुटुंबाचा वृत्तांत १९१३ मध्ये मांडला. घरातील इतरांप्रमाणे आपणही कर्करोगानेच मरणार, असे ती म्हणत असे आणि तसेच घडले. या प्रकाराला पुढे हेन्री लिंच यांच्या संशोधनावरून ‘लिंच लक्षणसमूह’ हे नाव मिळाले. त्यात मुख्यतः बृहदांत्र (मोठे आतडे) व गर्भाशय यांचा कर्करोग होतो. स्तन कर्करोगाशी निगडित जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखविले. बीआरसीए-१ हा तो जनुक १९९४ मध्ये व बीआरसीए-२ हा दुसरा १९९५ मध्ये हाती आला.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली. कोशिकांच्या वाढीस आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे कोशिका कर्कमार्गाला लागते. ज्याला एक प्रत जन्मतःच सदोष मिळाली, त्याच्या शरीरात दुसरी बिघडण्याचाच अवकाश असतो. मुलांच्या डोळ्यातील जालपटलाच्या कर्करोगावरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा द्विआघात सिद्धांत मांडला. आनुवंशिक कर्करोग लवकर वयात, दोन्ही स्तनांत वा दोन्ही डोळ्यांत, किंवा एकाच व्यक्तीच्या दोन अवयवांत का होतो, याचा उलगडा त्यातून होतो. बहुतेक दोष प्रभावी प्रकारचे असल्याने प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. बीआरसीए-१ वा बीआरसीए-२ मधील दोष असलेल्या स्त्रीस ८० वर्षांपर्यंत स्तन कर्करोग होण्याचा संभव सु. ७० टक्के असतो. अंडकोशाच्या (स्त्रीबीजग्रंथीच्या) कर्करोगाचा संभव बीआरसीए-१ मध्ये सु. ४४ व बीआरसीए-२ मध्ये सु. १७ टक्के असतो.

मूल्यमापनाचे साधन म्हणजे किमान तीन पिढ्यांची वंशावळ. तीत पुरुष चौकोनाने व स्त्री वर्तुळाने दाखवितात, रोगी व्यक्तीचे चिन्ह काळे भरतात आणि कोणत्या अवयवाचा कर्करोग कोणत्या वयात झाला ते लिहितात. यास कागद व पेन्सिलच पुरते. म्हणून वाशिमसारख्या जिल्ह्यात (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, चार-पंचमांशाहून अधिक वस्ती ग्रामीण) ही पद्धत विशेष उपयोगी आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा वा मानोरा यांपैकी कोणत्याही तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तयार करता येईल.

अडचणी आहेत त्या माहितीच्या. घराण्याच्या पारंपरिक वंशावळी, भाटांच्या असोत की नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या, मुख्यतः पुरुषांच्या मालिका होत. लेक सासरी गेली की तिचे नाव त्यांतून निसटते. वैद्यकीय वंशावळीस मात्र नेमकी तीच हवी असते. स्तनांचा रोग स्त्रियांचा, तेव्हा तो आईकडूनच येणार, हा समज डॉक्टरांतही आढळतो व तो चुकीचा आहे. पिता स्वतः निरोगी राहून हा दोष मुलीस देऊ शकतो. म्हणून आत्या व वडिलांची आई यांची चौकशी मावशी व आजोळच्या आजीइतकीच आवश्यक असते. या कामी मराठी नातेवाचक शब्दांची मोठी मदत होते. आत्या आणि मावशी, चुलत आणि मावस हे भेद भाषेतच आहेत. काकू व मामी रक्ताच्या नाहीत, हेही त्यांतून कळते (अर्थात नात्यातच विवाह झाला नसेल तर). ‘आजी’ कोणाकडची आणि ‘बहीण’ सख्खी की चुलत, हे तेवढे विचारून घ्यावे लागते. आतेभाऊ व मामेबहीण यांच्या विवाहाची प्रथा असलेल्या समाजांत दोन्ही बाजूंकडून दोष आल्यासच प्रकटणारे अप्रभावी रोगही ध्यानात ठेवावे लागतात.

‘पोटाच्या आजाराने गेली’ या उत्तरात अंडकोश, गर्भाशय, आतडे व यकृत हे सर्व सामावते. मुलींची लग्ने अडतील या भीतीने रोगाचे नावच दडविले जाते. ज्या मुलींसाठी ते दडवावयाचे, त्यांनाच त्या माहितीची सर्वाधिक गरज असते. यास्तव जुनी रुग्णालयीन कागदपत्रे मिळवून पाहणे हे स्मरणावर विसंबण्यापेक्षा केव्हाही बरे.

एका घरात अनेक रोगी असणे म्हणजे आनुवंशिकता नव्हे. तीन भावांना तोंडाचा कर्करोग झाला आणि तिघेही खर्रा खाणारे असले, तर वारसा जनुकाचा नसून सवयीचा मानणेच प्रथम योग्य. मुंबईच्या कर्करोग नोंदणीत (स्थापना १९६३) पारशी स्त्रियांत स्तन कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून अधिक आढळले. तेथेही उशिरा विवाह व कमी अपत्ये ही कारणे विचारात घ्यावी लागली. उलट लहान कुटुंबात किंवा स्त्रिया थोड्या असलेल्या घरात दोष असूनही वंशावळ स्वच्छ दिसते. पन्नाशीच्या आतील स्तन वा बृहदांत्राचा कर्करोग, पुरुषातील स्तन कर्करोग व कोणत्याही वयातील अंडकोशाचा कर्करोग यांतील एकही रोगी पुढील चौकशीस पुरेसा समजतात. लिंच लक्षणसमूहासाठी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲम्स्टरडॅम निकषांत तीन नातेवाईक, दोन पिढ्या आणि पन्नाशीच्या आत एक रोगी अशी अट होती. ती पुष्कळ कुटुंबांना वगळत असल्याने पुढे सैल करावी लागली.

संशयित कुटुंबास आनुवंशिक समुपदेशनासाठी पाठवितात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात अशी सोय आहे. दोष आढळल्यास बीआरसीए कुटुंबातील स्त्रियांचे स्तनपरीक्षण तिशीच्या आधीच सुरू करतात व अपत्ये झाल्यावर अंडकोश काढून टाकण्याचा सल्ला देतात. लिंच कुटुंबात दर एक-दोन वर्षांनी बृहदांत्राची दुर्बिणीने तपासणी करतात. रक्तचाचणी प्रथम रोगी व्यक्तीची करावयाची असते. तिच्यात दोष सापडल्यावरच निरोगी बहीण वा मुलगी त्यातून मुक्त आहे, असे निश्चित सांगता येते. आधी निरोगी व्यक्तीची चाचणी केली व काही आढळले नाही, तर घरात दोषच नाही की तो तिच्याकडे आला नाही, हे उकलत नाही. म्हणून रुग्ण हयात असतानाच रक्ताचा नमुना घेऊन ठेवतात. ते न साधल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेले तिचे ऊतक उपयोगी पडू शकते. ते रुग्णालयाच्या प्रयोगशाळेकडे मागून पाहता येते.