आकड्यामागचा काटा

मराठीत 'काटा' या एका शब्दाला किती कामं करावी लागतात बघा! घड्याळाचा काटा, रेडिओचा काटा, तराजूचा काटा. आणि आपल्या नगर जिल्ह्यात नुसतं 'काट्यावर गेलाय' म्हटलं, की माणूस साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलाय हे शेंबड्या पोरालाही कळतं. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जिभेवरचं 'नगर' जायला वेळ लागणार.)

माझा जन्म १९८१ सालचा, राहुरी तालुक्यातला. म्हणजे लहानपण सगळं काट्यांत गेलं आणि इंजिनिअरिंगला येईपर्यंत एकेका काट्याच्या जागी आकडा येऊन बसला. आता मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला विचारतो, "ॲनालॉग म्हणजे काय?" उत्तर ठरलेलं, "सर, जुनं." "आणि डिजिटल?" "नवीन." या दोन उत्तरांसाठीच हा लेखप्रपंच.

आधी शब्द बघू. 'ॲनालॉग'चं मूळ ग्रीक, अर्थ 'प्रमाणात असलेलं'. मोजायची गोष्ट जशी आणि जेवढी बदलते, तसा आणि तेवढा काटा हलतो. 'डिजिट' हा शब्द लॅटिनमधल्या 'बोट' या शब्दावरून आला. आपण बोटांवर मोजतो ना, तेच! ॲनालॉग म्हणजे उतार, डिजिटल म्हणजे जिना. उतारावर कुठेही उभं राहता येतं. जिन्यावर मात्र तिसरी पायरी नाहीतर चौथी. साडेतिसऱ्या पायरीवर कुणालाच उभं राहता येत नाही.

घरचा रेडिओ हे पहिलं उदाहरण. गोल बटण फिरवलं, की आतला दोरा ताणला जायचा, काचेमागचा काटा सरकायचा आणि त्याच वेळी आतल्या गँग कंडेन्सरच्या पात्या एकमेकींत शिरायच्या. कपॅसिटन्स बदलला, की रेडिओ दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला जुळायचा. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मितावाहिनी ५५८ वर. काटा नेमका बसला नाही तर खरखर वाढायची, मग आम्ही केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचो. आता गंमत बघा. ७९२ ला ९ ने भागा, ८८ येतात. ५५८ ला भागा, ६२ येतात. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. म्हणून पुढे डिजिटल ट्यूनिंगचा रेडिओ आला, तो ९-९ च्या ढांगा टाकत नेमका केंद्रावरच जाऊन उभा राहायला लागला. खरखर गेली. पण दोन केंद्रांच्या मधे काहीतरी असतं, हेही त्याच्याबरोबर दिसेनासं झालं.

आता जरा डोकं चालवा. तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ ॲनालॉग की डिजिटल? काटे आहेत म्हणून ॲनालॉग म्हणाल, तर फसाल! आत क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं, की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो आणि तो काट्याला पुढे ढकलतो. म्हणजे पोटात मोजणी, तोंडावर काटा. उलट माझ्या वडिलांचं चावीचं एचएमटी तासाला १८,००० ठोके द्यायचं, म्हणजे सेकंदाला पाच. तेही एका अर्थाने मोजतच होतं की! थोडक्यात काय, तर नुसत्या चेहऱ्यावर जाऊ नका. आत काय चाललंय ते विचारा.

आणि आता येतो खरा काटा, उसाचा.

गाडीअड्ड्यावर रात्रभर थांबून ज्यांनी नंबराची वाट पाहिली आहे, त्यांना या काट्याचं महत्त्व सांगायला नको. वर्ष-सव्वा वर्षाचं पीक त्या पत्र्यावर काही मिनिटं उभं राहतं आणि पावती हातात पडते. जुना काटा यांत्रिक होता. गाडी पत्र्यावर आली, की खालच्या तरफा दबायच्या आणि खोलीतला माणूस खुणा केलेल्या दांडीवर वजन सरकवायचा. दांडी समतोल झाली, की त्या खुणेचं वजन. खिडकीतून शेतकऱ्याला दांडी दिसायची. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि बाहेर लाल आकडे झळकायला लागले. आमच्या अण्णांना ते काही पटलं नाही. ते म्हणायचे, "आधी दांडी हलताना दिसायची. आता नुसता आकडा येतो. कुठून येतो?"

जुनं सगळं सचोटीचं होतं असं मुळीच नाही बरं का! पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायची विद्या डिजिटलच्या कितीतरी आधीची. पण ती लबाडी पकडायला पारडं उलटं करून बघता यायचं. लाल आकडा उलटा करून बघता येत नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि लोडसेल नुकताच शिकलो होतो. सुट्टीत घरी गेल्यावर वहीत चित्र काढून अण्णांना सांगितलं. पत्र्याखाली पोलादी ठोकळे असतात. गाडी चढली, की पोलाद किंचित दबतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. त्या पोलादावर बारीक तारेच्या नक्षीच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांना स्ट्रेन गेज म्हणतात. पोलादाबरोबर पट्टी ताणली किंवा आखडली, की तिचा रोध बदलतो. चार पट्ट्यांचा व्हीटस्टन ब्रिज केला, की हा बदल व्होल्टेज बनून बाहेर येतो. ब्रिजला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला मिळतात साधारण २० मिलिव्होल्ट. समजा काटा ५० टनी आहे आणि १०-१० किलोने आकडा बदलतो. म्हणजे ५,००० पायऱ्या. २० मिलिव्होल्टला ५,००० ने भागा. एक पायरी ४ मायक्रोव्होल्टची! एवढ्याशा व्होल्टेजवरून आतलं सर्किट ठरवतं, की गाडी कितव्या पायरीवर उभी आहे. त्या पायरीचा नंबर म्हणजेच बाहेरचा लाल आकडा. तात्पर्य, आकड्याच्या पोटात दबणारं पोलाद आहे. काटा कुठेही गेलेला नाही, फक्त आपल्या डोळ्याआड झाला आहे.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्याला शून्य कोण शिकवतं रं? अन् टन कोण शिकवतं?"

अण्णांची शाळा सातवीपर्यंतची. कॅलिब्रेशनवर याहून नेमका प्रश्न मला आजवर कुठल्याही तोंडी परीक्षेत ऐकायला मिळालेला नाही!

उत्तर दोन भागांत आहे. समजा पत्र्यावर चिखल साचून शून्य ५० किलोंनी सरकलं. भरलेली गाडी ५० किलो जास्त दाखवेल आणि रिकामी गाडीही ५० किलोच जास्त दाखवेल. उसाचं वजन म्हणजे भरलेली वजा रिकामी, तेव्हा वजाबाकीत ही चूक निघून जाते. (मधल्या वेळेत चिखल वाढला-घटला नाही तर!) पण 'टन' चुकीचा शिकवला असेल, म्हणजे उतारच बिघडला असेल, तर चूक भाराच्या प्रमाणात वाढते आणि वजाबाकीने जात नाही. एक टक्का कमी दाखवणाऱ्या काट्यावर २० टन ऊस २०० किलोंनी कमी भरेल. टनाला ३,००० रुपये धरले, तर एका खेपेला ६०० रुपये गेले. आणि पावतीवरचा आकडा तितकाच लाल, तितकाच ठाम!

म्हणून टन शिकवायचा असतो तो प्रमाणित वजनं पत्र्यावर ठेवून. ती एकदा मधे आणि एकदा प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून बघतात. आकडा सगळीकडे सारखा यायला हवा. वैध मापन यंत्रणेकडून वजनकाट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र काट्याच्या ठिकाणी दिसेल असं लावायचं असतं. ते वाचायला शिका, घरच्यांनाही शिकवा. अण्णा पुढे काट्यावर गेले, की आधी भिंतीवरच्या प्रमाणपत्राची तारीख बघायचे आणि मगच गाडी पत्र्यावर घ्यायचे.

ज्यांच्या घरी ऊस नाही, त्यांच्यासाठी घरगुती प्रयोग. जुन्या वीजमीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. भार वाढला, की चकती पळायची, आणि आई लगेच ओरडायची, "इस्त्री बंद कर!" आता मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुकी. समजा ३,२०० लिहिलंय. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड लावा. मिनिटाला ८० लुकलुकी मोजायला मिळायला हव्यात. पटतंय का बघा. (हा प्रयोग घरीच करावा. हॉस्टेलमध्ये रॉडला बंदी आहे आणि रेक्टर सरही हे मासिक वाचतात!)

पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो तो टीएमसी. मुळा धरण २६ टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. पण टीएमसी मोजणारं यंत्र धरणात कुठेही नसतं! मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी, आणि तक्ता बघून या पातळीला इतकं पाणी असं ठरतं. तळाशी गाळ साचत गेला, की तोच तक्ता खोटं बोलायला लागतो. म्हणून जलाशयाची पुन्हा पाहणी करून तक्ता सुधारावा लागतो. ज्या आकड्यांवरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात पाण्याचे वाद कोर्टापर्यंत जातात, त्यांच्याही मागे एक पट्टी आणि एक तक्ता उभा असतो.

मित्रहो, हे वाचून 'आमच्या वेळी असं नव्हतं' असा गळा काढतोय असं समजू नका. मला डिजिटल आवडतं. काटा वाचताना तिरकं बघितलं, की रीडिंग बदलतं. आकड्याला तो रोग नाही. कॅसेटची कॉपी, तिची कॉपी करत गेलं, की गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची. फाइलची हजारावी प्रतही पहिलीसारखीच असते. आमच्या पिढीला मिळालं ते इतकंच, की दोन्ही डोळ्यांसमोर बदलताना पाहिल्यामुळे आकडा दिसला, की मागचा काटा आपोआप आठवतो. तुम्ही थेट आकड्यांतच जन्मलात. तुम्हाला तो मुद्दाम शोधावा लागेल.

तेव्हा कुठलाही आकडा समोर आला, की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. याचं शून्य कुठे आहे? याची एक पायरी केवढी आहे? आणि याला शेवटचं कुणी, कधी तपासलं? मोबाइल २० टक्के बॅटरी दाखवत अचानक बंद पडतो, तेव्हा शिव्या देण्याआधी हे विचारा. ती टक्केवारी कुणी भांडं लावून मोजलेली नसते, व्होल्टेज आणि करंटवरून काढलेला तो अंदाज असतो. उद्या तुमच्यापैकी कुणी वजनकाटे बनवेल, कुणी वीजमीटर, कुणी दूध संकलन केंद्रावरचं फॅट मोजायचं यंत्र. त्या यंत्रासमोर पावती हातात घेऊन एखादे अण्णा उभे असतील. 'आकडा कुठून येतो' असं त्यांनी विचारलं, तर त्यांना कळेल असं उत्तर देता आलं पाहिजे. नाही देता आलं, तर आधी यंत्र उघडा आणि मग पावती द्या.

आपल्या लॅबमध्ये एक सुटा लोडसेल आणि काट्याचा जुना मल्टिमीटर कपाटात ठेवलेला आहे. लोडसेलवर अंगठा दाबला, तर आकडा किती हलतो ते बघायला कधीही या.