गोरेपणाची क्रीम आणि मूत्रपिंड

लग्नाच्या मुलीचा रंग उजळावा म्हणून घरोघरी धडपड चालते. २०२२ साली अकोल्यातील एक विद्यार्थिनी, तिची आई व बहीण यांनी एकच क्रीम वापरली आणि तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये मर्यादेहून कितीतरी जास्त पारा आढळला.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच त्वचेतून रक्तात व पुढे मूत्रपिंडात जातो. मग लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, पायांवर सूज येते.

उत्पादकाचे नाव, पत्ता व बॅच नंबर नसलेली डबी घेऊ नये. सूज दिसताच क्रीम बंद करून डॉक्टरांकडे लघवी तपासून घ्यावी.

माणूस वर्णाने नव्हे, आचरणाने श्रेष्ठ ठरतो, ही तथागतांची शिकवण आपल्या मुलींबाबतही पाळू या.